अण्णाने घंटा वाजवली नव्हती

माझा भाऊ अण्णा गेल्याचं मला भागीरथने सांगितलं. मी सहावीच्या मुलींना चंबळेच्या उपनद्या सांगत होते. चपराशी दारात येऊन म्हणाला, फाटकाशी कुणी उभा आहे, आत यायला तयार नाही. बाहेर गेले तर कडुलिंबाखाली भागीरथ. सदऱ्याची उजवी बाही दुमडून खांद्याशी टाचलेली, डाव्या हातात अण्णाची टोपी. टोपी पाहिली आणि मला कळलं. तरी मी विचारलंच, "काय झालं?"

"अण्णाजी नी रिया, बहनजी," तो म्हणाला. टोपी माझ्यापुढे धरली. मग म्हणाला, "घर नी गया मैं. भाभीजी के सामने कैसे जाता... पहले आप चलो."

त्या दिवशी सकाळी अण्णा परदेशीपुऱ्यात कुणाचंसं शिवणयंत्र दुरुस्त करायला गेला होता. परत येताना मिलच्या फाटकापाशी थांबला. तिथे भागीरथ दरवान आहे. त्याच्या स्टुलावर बसून अण्णाने पाणी मागितलं, अर्धा लोटा प्यायला आणि छातीला हात लावून वाकला. भागीरथने टांगा थांबवला, टांगेवाला आणि तो, दोघांनी उचलून अण्णाला आत घातलं. दवाखाना येईपर्यंत अण्णाचं डोकं भागीरथच्या मांडीवर होतं, आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

भागीरथचा उजवा हात माझ्या भावामुळे गेला. हे मी लपवून लिहिण्यात अर्थ नाही. आमच्या स्नेहलतागंजात आणि मिलमध्ये ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे ते अण्णाने स्वतः सांगितलं म्हणून. माणूस गेल्यावर त्याचं चांगलं तेवढं लिहावं, असं आमचे नातेवाईक म्हणतात. पण अण्णाचं जे चांगलं होतं ते या गोष्टीतूनच निघालं, आणि फार सावकाश निघालं. ती वगळली तर उरतो तो मध्यम उंचीचा, दम्याने खोकणारा, मूळव्याधीची औषधं सुचवणारा एक गृहस्थ. तसे पुष्कळ असतात.

आमचे वडील होळकरांच्या फौजेत होते. संस्थान गेलं, इंदूर-ग्वाल्हेर मिळून मध्यभारत झालं, तेव्हा जुनी घराणी कचेऱ्यांतून जागा शोधत होती. कुणाची नोकरी ग्वाल्हेरच्या माणसाखाली गेली, कुणाची राहिलीच नाही. अण्णाला यंत्रांचं वेड. तो त्याच्या कितीतरी आधी मिलच्या इंजिनखात्यात शिरला होता आणि आता तिथला मुख्य झाला होता. घरात तो, वहिनी, त्यांची मुलगी कुसूम आणि मी. मी लग्न केलं नाही. अण्णाने एकदाही त्यावरून बोलणं काढलं नाही. त्याचा मला आधार होता. संध्याकाळी कामावरून आला की हाताचं वंगण काढायला तो राख घ्यायचा आणि हात धुता धुता दिवसभराचं सांगायचा. बोलका माणूस.

त्या वेळी मिलचं सगळं विणकाम एका मोठ्या इंजिनावर चाले. इंजिनापासून लांबच लांब दांडा, दांड्यावर चाकं आणि चाकांवर चामड्याचे पट्टे. पट्टा तुटला की इंजिन थांबवायचं. माणूस शिडीवर चढून पट्टा जोडणार. पुन्हा चालू करण्याआधी इंजिनवाल्याने घंटा वाजवायची, आणि आतल्या माणसांना बाजूला व्हायला वेळ दिल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. एवढाच नियम. तो अण्णानेच नव्या माणसांना शिकवलेला.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर पट्टा तुटला. मिलचा साहेब अण्णाच्या मागे येऊन उभा राहिला, किती वेळ, किती वेळ म्हणून विचारू लागला. आतलं ठोकणं थांबलं होतं. अण्णाला वाटलं, झालं काम. त्याने घंटा वाजवली नाही आणि इंजिन सुरू केलं. आत शिडीवर भागीरथ होता. पट्टा जोडून झाला होता, तो फक्त हाताने ओढून पाहत होता.

चौकशी झाली. अण्णाने सांगितलं, घंटा वाजवली होती. साहेबाने मान डोलावली. आतले लोक म्हणाले, एवढ्या गलक्यात कुणाला ऐकू येतंय, वाजली असेल. भागीरथ तेव्हा दवाखान्यात होता. ठरलं ते असं की त्याने घंटेकडे लक्ष दिलं नाही, चूक त्याची. बरा होऊन आला तोवर त्याची जागा भरली होती. एका हाताच्या माणसाला मिल कशाला ठेवून घेईल?

आम्हाला घरात खरं काहीच माहीत नव्हतं. आम्ही अण्णाच्या बाजूने होतो. वहिनी तर फारच. पण माझ्या एक लक्षात आलं होतं आणि तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही. पहिल्या आठवड्यात अण्णा म्हणत असे, "घंटा वाजवली असणारच की, रोजची सवय आहे." मग "वाजवली" असं झालं. दिवाळीला पुण्याहून मामा आले तेव्हा तो म्हणाला, "दोनदा वाजवली, मामा. दुसऱ्यांदा जोरात." मामा म्हणाले, मग तुझा काय दोष? "तेच तर," अण्णा म्हणाला, आणि पानातलं टाकून उठला. दुसरं एक कारण तो सारखं सांगे, न विचारता. भागीरथ पत्ते खेळतो, रात्री जागतो, कामावर डुलक्या घेतो. "असल्या माणसाला आज ना उद्या काही झालंच असतं," म्हणायचा. बोलका माणूस तो, पण आता त्याच्या बोलण्यात भागीरथच येई. आणि ज्याचं काही चुकलं नाही त्या माणसाला त्याच एका गोष्टीची इतकी सफाई का द्यावी लागते, हे आमच्यापैकी कुणी त्याला विचारलं नाही.

पुढे भागीरथ स्टेशनजवळच्या एका प्याऊवर बसू लागला. कुणा सेठने धर्मादाय चालवलेली पाणपोई. माठांच्या मागे बसून डाव्या हाताने येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओंजळीत पाणी ओतायचं. अण्णाचा मिलचा रस्ता तिथूनच. अण्णाने रस्ता बदलला. लांबच्या वळणाने जाऊ लागला आणि आम्हाला सांगितलं, तिकडून सावली आहे.

मग एका सकाळी भागीरथची बायको गेंदीबाई आमच्या दारात आली. अण्णा माजघरात दाढी करत होता. मी पोळ्यांची कणीक मळत होते. वहिनी दारात गेली.

गेंदीबाई हळू बोलत होती. काही मागायला आली नव्हती. एवढंच, की अण्णाजींनी साहेबाकडे एक शब्द टाकावा, दरवान म्हणून, चौकीदार म्हणून, काहीही. "उनकी बात मानते हैं वहाँ," ती म्हणाली.

वहिनीचं हिंदी मोडकंतोडकं, पण रागावली की फर्डं व्हायचं. "हमारे इन्होंने दो बार घंटी बजाई थी," ती म्हणाली. "दो बार. तुम्हारा आदमी सोया था क्या ऊपर? अपनी गलती से हाथ गँवाया और अब हमारे दरवाजे पे? बदनामी हमारी हुई सो अलग."

गेंदीबाईने वर पाहिलं नाही. "बजाई होगी, भाभीजी," म्हणाली. पदर सावरला आणि पायऱ्या उतरून गेली.

मी माजघरात वळून पाहिलं. अण्णा आरशासमोर तसाच उभा होता. अर्ध्या गालावर साबण वाळत होता. तो चार पावलं चालून दारापर्यंत गेला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. तो गेला नाही. पुढे त्याने मला सांगितलं की हात गेला त्या दुपारपेक्षा ही सकाळ त्याला जास्त जाळत राहिली. "इंजिन चालू केलं ती चूक होती, मालू. घाई झाली. पण त्या सकाळी कसली घाई होती? माझं खोटं गेंदीबाईने माझ्या नाही, तुझ्या वहिनीच्या तोंडून ऐकलं, आणि मी नुसता उभा राहिलो."

त्या दिवशी तो कामावर गेलाच नाही. खुर्चीत बसून राहिला. संध्याकाळी कुसूम परवचा म्हणत होती, तिला थांबवून त्याने वहिनीला आणि मला बोलावलं आणि म्हणाला, "मी घंटा वाजवली नव्हती."

वहिनी म्हणाली, "असं कसं? तुम्ही तर..."

"नव्हती वाजवली. एकदाही नाही."

वहिनी आत निघून गेली. तिने त्या दिवशी दिवा लावला नाही, मीच लावला. तिने त्याला कधी दोष दिला नाही. आरडाओरडा नाही, रडणं नाही. पण कितीतरी महिने ती त्याच्याशी कामापुरतं बोलली.

अण्णा साहेबाकडे गेला. साहेब म्हणाला, जुनं उकरू नका, युनियनवाले मिलच्या मानगुटीवर बसतील, जा, इंजिन बघा. अण्णाने ऐकलं नाही. कामगारांच्या सरकारी कचेरीत जाऊन त्याने जबानी दिली. मग मिललाही हलावं लागलं. भागीरथला फाटकावर दरवान म्हणून घेतलं. अण्णाला कुणी काढून टाकलं नाही, फक्त इंजिनावरून हटवून सामानाच्या कोठीत बसवलं. ज्यांच्याबरोबर डबा खात होता ते उठून दुसरीकडे बसू लागले. काही म्हणत, खोटं बोलला म्हणून. काही म्हणत, खरं बोलला म्हणून. वर्षाच्या आत त्याने स्वतःच मिल सोडली आणि घरच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्रं दुरुस्त करायचा धंदा मांडला. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं आसपास होती, घरोघर बायका शिवणकाम करत. काम पुष्कळ मिळालं.

इथे संपायला हवं होतं, नाही का? माणसाने चूक कबूल केली, भोगली, ज्याचं नुकसान झालं त्याला थोडंफार मिळालं. पण आमच्या घरातले सर्वांत वाईट दिवस त्यानंतर सुरू झाले.

अण्णाने गादी सोडली, चटईवर झोपू लागला. गोड सोडलं. दम्याचं औषध घेईनासा झाला. कुसूमच्या वाढदिवसाला वहिनीने शिरा केला तर म्हणाला, तुम्ही खा, मला हक्क नाही. मग त्या शिऱ्याला कुणीच हात लावला नाही. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, दिव्यांनी सजवलेले देखावे, निघतात. सगळं इंदूर रस्त्यावर येतं. कुसूम लहानपणापासून त्यासाठी दिवस मोजायची. अण्णाने तिला जाऊ दिलं नाही. म्हणाला, "आपल्या घरातून कुणी मिलचा तमाशा बघायला जायचं नाही." ती खिडकीशी बसून लांबचे ढोल ऐकत राहिली. तिचा काय अपराध होता?

आणि दर रविवारी तो परदेशीपुऱ्यात भागीरथच्या घरी जायचा. कधी पीठ दळून न्यायचा, कधी कौलं सारखी करायचा, बहुतेक वेळ नुसता बसायचा. एकदा वहिनी मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही जाऊन बघा तरी, हे तिथे दिवसभर काय करून राहतात." म्हणून मी एका रविवारी त्याच्याबरोबर गेले.

भागीरथच्या खोलीत पत्त्यांचा डाव रंगला होता. भागीरथ गुडघ्यांत पत्ते अडकवून डाव्या हाताने पानं टाकत होता आणि मोठ्याने हसत होता. आम्ही दारात दिसलो. हसणं थांबलं. बाकीचे उठले, चपला घातल्या, "राम राम अण्णाजी" म्हणत निघून गेले. अण्णा नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून जमिनीवर बसला. भागीरथ खाटेवर बसा म्हणाला, अण्णा नको म्हणाला. गेंदीबाई चहा करायला उठली, अण्णा नको म्हणाला.

भागीरथने पत्ते गोळा केले. मग एकदम म्हणाला, "अण्णाजी, आप अब मत आया करो."

अण्णा भिंतीपासून सरकून ताठ बसला.

"आप आते हो तो सब उठ के चले जाते हैं. हँसना बंद, पत्ते बंद. मेरे घर में हर इतवार तेरहवीं होती है. हाथ मेरा गया. मैं उसको भूल के दो रोटी खाना चाहता हूँ, आप सामने बैठ के भूलने नी देते."

"मग मी... फिर मैं क्या करूँ, भागीरथ?"

"मेरे को क्या मालूम. मैं कोई पंडित हूँ?"

अण्णाने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्याने विचारलं, "तूने माफ किया मुझे?" इतके दिवस येत होता, पण हे त्याने कधी विचारलं नव्हतं हे भागीरथच्या चेहऱ्यावरून दिसलं.

भागीरथने खांद्याचं थोटूक खाजवलं. "कभी कर देता हूँ," तो म्हणाला. "बरसात में दुखता है, तब नी करता. अब इसमें आपके बैठने से क्या होगा? घर जाओ. बाल-बच्चे वाले आदमी हो."

परत येताना आम्ही पायीच निघालो. रेल्वेच्या रुळांपाशी गाडी जायची म्हणून थांबलो तेव्हा अण्णा म्हणाला, "मालू, मी त्याच्यासाठी नव्हतोच जात." गाडी गेली, आम्ही रूळ ओलांडले. पुढे थोडं चालून तो म्हणाला, "माझ्याकडे बघा, मी किती सोसतोय, हे त्याला दाखवायला जात होतो. त्याने म्हणावं, बस झालं. आणि तो तर म्हणाला, तुम्ही मला त्रास देता."

बदल लगेच झाला नाही. त्या रात्रीही तो चटईवरच निजला. पण पुढच्या रविवारी तो परदेशीपुऱ्यात गेला नाही. अंगणात बसून कुसूमच्या मोडक्या पेटीची कडी बसवत होता. थंडी सुरू झाल्यावर दमा वाढला तेव्हा वहिनीने न बोलता बाटली पुढे केली आणि त्याने औषध घेतलं. मला वाटतं, तेच त्याला सर्वांत जड गेलं असेल. पुढच्या अनंत चतुर्दशीला तो कुसूमला म्हणाला, "चल, झांकी बघून येऊ." आम्ही सगळे गेलो. वहिनीही आली. आमच्या मिलची झांकी आली तेव्हा पुढे दरवानाच्या खाकी कपड्यांत भागीरथ गर्दी हटवत चालला होता. त्याने आम्हाला पाहिलं, डावा हात वर केला आणि पुढे गेला. अण्णाने हात वर केला की नाही, मला दिसलं नाही. त्याने कुसूमला उंच उचलायला पाहिलं, पण ती आता मोठी झाली होती, दोघंही हसली.

एकदा यंत्राची बॉबिन बसवता बसवता तो मला म्हणाला होता, "आधी मी म्हणायचो, माझं काही चुकलं नाही. मग म्हणायला लागलो, माझ्याएवढा पापी कुणी नाही. दोन्ही वेळा माझंच कौतुक चाललं होतं बघ. घंटा मी वाजवली नाही. एवढंच खरं आहे. ते कमी होत नाही आणि वाढतही नाही. तेवढंच घेऊन जेवायचं, झोपायचं, काम करायचं."

त्याला हे नेहमी जमायचं असं नाही. पावसाळ्यात, विशेषतः झड लागली की, तो गप्प व्हायचा. भागीरथचा खांदा दुखत असेल हे त्याला ठाऊक असे. अशा दिवशी तो गादी सोडून चटई अंथरायचा. दोनचार दिवसांनी पुन्हा गुंडाळून ठेवायचा. कधीमधी, महिन्यातून केव्हातरी, तो फाटकापाशी थांबून भागीरथकडे पाणी प्यायचा आणि पाच मिनिटं बोलून निघायचा. काय बोलत असत कोण जाणे. भागीरथला मी विचारलं तर म्हणाला, "कुछ नी. दमे की दवा, महँगाई, नया राज बनने वाला है, राजधानी भोपाल जाएगी... ऐसे ही."

तेराव्यानंतर गेंदीबाई भेटायला आली. वहिनी तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. बायका समाचाराला येतात त्या बाहेरच्या खोलीत बसतात, पण वहिनीने तिला आतच पाट दिला. मी मेथी निवडत होते. वहिनीने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "उस दिन मैंने तुमको जो बोला था..."

"याद है, भाभीजी," गेंदीबाई म्हणाली. "पर आपको कहाँ मालूम था."

वहिनीने मान हलवली. "पूछ तो सकती थी. इनको पूछ सकती थी. नहीं पूछा."

गेंदीबाईने ऐकून घेतलं. जाऊ द्या म्हणाली नाही, विसरले म्हणाली नाही. तिने माझ्यापुढची अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडू लागली. ती गेल्यावर वहिनीने मला विचारलं, "वन्सं, ह्यांना किती दिवस लागले हो? हे असं... सहन व्हायला?"

"वर्षं लागली, वहिनी," मी म्हणाले.

"मग मलाही लागतील," ती म्हणाली आणि पातेलं चुलीवर ठेवलं.

पुढची खोली आम्ही अजून आवरलेली नाही. एका सिंधी बाईचं यंत्र तिथे उघडं पडलं आहे. अण्णाने त्याचे सगळे सुटे भाग काढून बशीत ठेवले होते. ती बाई दोनदा येऊन गेली, घाई नाही म्हणाली. दुपारची कामं उरकली की वहिनी आता तिथे जाऊन बसते. बशीत थोडं घासलेट ओतते, एकेक स्क्रू जुन्या धोतराच्या चिंधीने पुसते आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडते. कोणता कुठे बसतो ते तिला माहीत नाही. पुसून झाले की सगळे पुन्हा बशीत टाकते आणि दार लावून घेते.